गोळ्यांच्या भरपाईचा पैसा: अमेरिकेतली राज्यं तो कसा सांभाळतात?

वेस्ट व्हर्जिनियातलं करमिट हे कोळसा खाणींच्या पट्ट्यातलं गाव. वस्ती जेमतेम चारशेची. तिथल्या एकाच औषधाच्या दुकानात दोन वर्षांत हायड्रोकोडोन या वेदनाशामकाच्या सुमारे ९० लाख गोळ्या उतरल्या. चार्ल्स्टनच्या स्थानिक वर्तमानपत्रातले पत्रकार एरिक आयर यांनी २०१६ मध्ये सरकारी नोंदी मिळवून हा आकडा लोकांसमोर आणला. त्याच बातम्यांतून कळलं की सहा वर्षांत या छोट्याशा राज्यात हायड्रोकोडोन आणि ऑक्सिकोडोनच्या मिळून ७८ कोटी गोळ्या आल्या होत्या. म्हणजे लहान मुलं धरून माणशी ४३३. पुढच्या वर्षी आयर यांना या कामासाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं.

एवढ्या गोळ्या लपूनछपून आल्या नव्हत्या. कंपनीनं त्या बनवल्या, घाऊक वितरकांनी पोहोचवल्या, दुकानांनी डॉक्टरांची चिठ्ठी बघून विकल्या. साखळीतल्या प्रत्येकाकडे नोंदी होत्या, आणि चारशे माणसांचं गाव लाखो गोळ्या रिचवू शकत नाही हे कळायला कुणी तज्ज्ञ असावं लागत नाही. कुणीच हात आवरला नाही. पुढे राज्यं, काउंट्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) आणि शहरं कोर्टात गेली आणि वेगवेगळ्या कंपन्यांनी मिळून ५० अब्ज डॉलरहून जास्त रक्कम द्यायचं कबूल केलं. कंपन्यांनी पैसे द्यायचं मान्य केल्याच्या बातम्या जगभर झळकल्या. तो पैसा पुढे कुणाच्या हातात पडतो, कोणत्या नियमानं खर्च होतो आणि कुठे पाझरून जातो, याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

थोडी पार्श्वभूमी आधी. ओपिऑइड म्हणजे अफूपासून काढलेली किंवा अफूसारखं काम करणारी औषधं: मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, फेंटानिल. गर्द, म्हणजे हेरॉइन, याच कुळातलं. कॅन्सरच्या किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांवर या औषधांना पर्याय नाही, हे आधीच सांगायला हवं. पण शरीराला त्यांची सवय होते, तोच आराम मिळायला मात्रा वाढवावी लागते, आणि मात्रा जास्त झाली की श्वास मंदावत जाऊन थांबतो. पर्ड्यू फार्मानं १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं ते साध्या पाठदुखी-गुडघेदुखीसाठीही डॉक्टरांनी लिहून द्यावं म्हणून. व्यसनाचा धोका अगदी नगण्य आहे असं डॉक्टरांना पटवलं गेलं. या दाव्याला आधार म्हणून वर्षानुवर्षं दाखवलं जात होतं ते १९८० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेलं पाच वाक्यांचं पत्र, आणि तेही रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांबद्दलचं.

गोळ्यांची सवय लागलेले लोक गोळ्या महागल्यावर, मिळेनाशा झाल्यावर गर्दकडे वळले. २०१३ नंतर बेकायदा फेंटानिल आलं आणि मृत्यूंचा आलेख चढतच गेला. १९९९ ते २०२३ या काळात अमेरिकेत ओपिऑइडच्या ओव्हरडोसनं सुमारे ८ लाख माणसं गेली.

खटले आणि हप्ते

देशभरातून आलेले हजारो दावे २०१७ पासून ओहायोतल्या फेडरल न्यायाधीशांपुढे, डॅन पोल्स्टर यांच्यापुढे, एकत्र आणले गेले. त्यातून जुलै २०२१ मध्ये सगळ्यात मोठी तडजोड जाहीर झाली, २६ अब्ज डॉलरची. मॅकेसन, कार्डिनल हेल्थ आणि अमेरिसोर्सबर्गन या तीन वितरकांनी मिळून २१ अब्ज १८ वर्षांत द्यायचे, जॉन्सन अँड जॉन्सननं ५ अब्ज जास्तीत जास्त नऊ वर्षांत. पुढच्या वर्षी वॉलग्रीन्स, सीव्हीएस, वॉलमार्ट ही दुकानं आणि टेव्हा, ॲलर्गन या उत्पादक कंपन्याही आल्या. मूळनिवासी जमातींची तडजोड वेगळी झाली.

पर्ड्यूचा मामला मात्र लांबला. २०१९ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. मालक असलेल्या सॅकलर कुटुंबानं पैसे द्यायचे आणि त्या बदल्यात त्यांच्यावरचे सगळे दावे कायमचे संपायचे, अशी पहिली योजना होती. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केली. नंतर ७.४ अब्ज डॉलरची नवी योजना आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरी न्यायालयानं तिला मंजुरी दिली.

हे आकडे ऐकून वाटतं की राज्यांच्या तिजोरीत एकदम घबाड आलं. तसं झालेलं नाही. उसाचं बिल जसं कारखान्याकडून हप्त्याहप्त्यानं येतं, आणि शेवटचा हप्ता येईपर्यंत कारखाना टिकला तरच सगळं मिळतं, तसंच हे आहे. वितरकांचे हप्ते २०३८ पर्यंत चालायचे आहेत. मॅलिनक्रॉट या कंपनीनं आधी १.७ अब्ज डॉलर कबूल केले होते. २०२३ मध्ये तिनं दुसऱ्यांदा दिवाळखोरी जाहीर केली आणि देणं १ अब्जानं कमी करून घेतलं. त्या पैशाच्या भरवशावर योजना आखून बसलेल्या गावांना तो फटका बसला. म्हणून नर्स, समुपदेशक अशा कायम नोकरीच्या माणसांचा पगार या निधीतून द्यायचा म्हटलं की काउंटीचा हिशेबनीस कचरतो. त्याचं कचरणं चुकीचं आहे असं मला वाटत नाही. पण त्याच भीतीपोटी पैसा वर्षानुवर्षं पडून ठेवला तर तेही माणसांच्या जिवावर बेततं.

कोणत्या राज्याला किती, हे लोकसंख्येबरोबर तिथे किती मृत्यू झाले, किती लोक व्यसनात अडकले आणि किती गोळ्या पोहोचल्या यावरून ठरलं. शिवाय राज्यातल्या जितक्या जास्त काउंट्या आणि शहरं आपापले दावे सोडून तडजोडीत येतील, तितकी त्या राज्याची रक्कम वाढत होती. त्यामुळे राज्य सरकारांना काउंट्यांची मनधरणी करावी लागली, आणि त्या वाटाघाटीत प्रत्येक राज्याचं स्वतःचं वाटपाचं सूत्र तयार झालं.

सिगारेटच्या पैशाचा धडा

काउंट्या इतक्या सावध का होत्या, हे समजायला १९९८ मध्ये जायला हवं. तंबाखू कंपन्यांनी ४६ राज्यांशी तडजोड करून पहिल्या २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलर द्यायचं मान्य केलं होतं. सिगारेटमुळे आजारी पडलेल्यांच्या उपचारांवर राज्यांचा पैसा गेला, त्याची ती भरपाई. पण तो पैसा कशावर खर्च करायचा याचं बंधन करारात नव्हतं. तो राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत गेला आणि तिथून रस्ते, करकपात, अर्थसंकल्पातली तूट असा जिकडे तिकडे पांगला. काही राज्यांनी तर पुढच्या वर्षांच्या हप्त्यांवर रोखे काढून पैसे आधीच उचलले आणि संपवले. मुलांना तंबाखूपासून दूर ठेवायच्या कामाला त्यातला अगदी थोडा वाटा मिळाला.

ओपिऑइडच्या तडजोडी लिहिणाऱ्यांसमोर हे उदाहरण ताजं होतं. म्हणून २६ अब्जांच्या करारात अट आली की किमान ८५ टक्के रक्कम ओपिऑइडच्या संकटाचं निवारण करण्यावरच खर्च व्हायला हवी. उरलेल्या १५ टक्क्यांतून वकिलांची फी, आधी झालेल्या खर्चाची भरपाई वगैरे चालेल. निवारण म्हणजे काय, याची लांबलचक यादी करारासोबत जोडली आहे. तिला परिशिष्ट ई म्हणतात, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या तोंडी ते नाव रोज असतं. तिचे दोन भाग आहेत. पहिल्यात प्राधान्यानं करायची कामं: ओव्हरडोस उतरवणारं नॅलोक्सोन हे औषध वाटणं, व्यसनावरची औषधं उपलब्ध करणं, गरोदर स्त्रिया आणि व्यसनाची लक्षणं घेऊन जन्मलेली बाळं यांची काळजी, तुरुंगातल्यांना उपचार, वापरलेल्या सुया घेऊन स्वच्छ सुया देणारी केंद्रं, शाळांतलं प्रतिबंधाचं काम, आकडेवारी गोळा करणं. दुसऱ्या भागात आणखी पुष्कळ काही आहे, आणि ते इतकं मोघम आहे की हुशार अधिकाऱ्याला त्यात जवळजवळ काहीही बसवता येतं.

तंबाखूच्या वेळेपेक्षा हे कितीतरी बरं आहे. पण यादी करणं सोपं आणि यादीप्रमाणे चालवून घेणं अवघड. अटीचं पालन होतंय की नाही हे तपासायला देशपातळीवर कोणतंही सरकारी खातं नेमलेलं नाही.

कुणाच्या हातात किती

राज्यानं स्वतःचं सूत्र ठरवलं नाही तर करारातलं ठरलेलं सूत्र लागू होतं: १५ टक्के राज्याला, १५ टक्के काउंट्या-शहरांना, ७० टक्के निवारणाच्या वेगळ्या निधीत. बहुतेक राज्यांनी आपापली वाट काढली, आणि त्यात त्या राज्याचं राजकारण लख्ख दिसतं. ऱ्होड आयलंडनं ८० टक्के राज्याकडेच ठेवले. मॅसॅच्युसेट्समध्ये ६० टक्के राज्य, ४० टक्के गावं-शहरं. न्यू जर्सी आणि केंटकीत निम्मे-निम्मे. लुईझियानात राज्य सरकारला काहीच नाही. ८० टक्के स्थानिक सरकारांना आणि २० टक्के शेरीफांना, म्हणजे निवडून आलेल्या पोलीसप्रमुखांना. ज्यांच्या हातात बेड्या आहेत त्यांनाच उपचाराच्या पैशाचा पाचवा हिस्सा द्यावा, हे मला अजून पटलेलं नाही.

ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियानं वेगळाच मार्ग धरला. त्यांनी खासगी, ना-नफा प्रतिष्ठानं काढली. ओहायोत ५५ टक्के पैसा वनओहायो रिकव्हरी फाउंडेशनकडे, ३० टक्के स्थानिक सरकारांकडे, १५ टक्के राज्याकडे. विधिमंडळाचा हात लांब राहावा आणि तंबाखूसारखं होऊ नये, हा हेतू चांगला होता. पण खासगी प्रतिष्ठान म्हटलं की माहिती मागायचा नागरिकांचा हक्कही दूर जातो. कागदपत्रं दाखवायला प्रतिष्ठानानं नकार दिला तेव्हा प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे २०२३ मध्ये न्यायालय म्हणालं की ही संस्था सार्वजनिकच आहे, तिला नोंदी द्याव्या लागतील. त्यानंतर काही आठवड्यांतच राज्याच्या अर्थसंकल्पाच्या कायद्यात तरतूद घालून त्या संस्थेला नोंदी देण्याच्या सक्तीतून वगळण्यात आलं. माणसं मेली म्हणून आलेल्या पैशाबाबत असं घडावं, याची चीड येते.

आता चांगलं उदाहरण. नॉर्थ कॅरोलिनाला २०३८ पर्यंत सुमारे दीड अब्ज डॉलर मिळायचे आहेत. त्यातले ८५ टक्के थेट शंभर काउंट्यांकडे आणि काही शहरांकडे जातात, राज्याकडे फक्त १५. एवढं विकेंद्रीकरण म्हटलं की कुणालाही धास्ती वाटेल. पण तिथे पैशाबरोबर शिस्तही खाली पाठवली आहे. पैसा काउंटीच्या वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, सर्वसाधारण निधीत मिसळता येत नाही. खर्च करण्याआधी काउंटीच्या आयुक्त मंडळाला ठराव करावा लागतो, आणि त्या ठरावात कोणतं काम, यादीतल्या कोणत्या कलमाखाली, किती रक्कम आणि किती मुदतीसाठी, हे सगळं स्पष्ट लिहावं लागतं. नुसतं ‘व्यसनमुक्तीसाठी पाच लाख’ असं लिहून भागत नाही. बारा कामांची एक छोटी यादी आहे. तिच्यातलं काम निवडलं तर लगेच सुरुवात करता येते. तिच्याबाहेरचं काही करायचं असेल तर आधी स्थानिक लोकांना, डॉक्टरांना, व्यसनातून बाहेर आलेल्यांना सोबत घेऊन रीतसर आराखडा करावा लागतो. वर्षातून एकदा तरी सगळ्यांसाठी खुली बैठक घ्यावी लागते. हिशेब राज्याच्या सार्वजनिक संकेतस्थळावर चढतो, आणि राज्यातल्या कुठल्याही काउंटीचा खर्च कुणालाही घरबसल्या बघता येतो.

व्हर्जिनियानं आमिषाचा वापर केला. करारानुसार १५ टक्के पैसा इतर कामांना वापरायची मुभा स्थानिक सरकारांना आहे. पण जी काउंटी ती मुभा सोडून आपला सगळा वाटा निवारणावरच लावायचं वचन देईल, तिला राज्याचं ओपिऑइड निवारण प्राधिकरण वाढीव अनुदान देतं. दंडाची भीती न घालता काम साधलं, आणि मला ही युक्ती फार आवडली.

जुनं बजेट काढून नवा पैसा घालणं

पैसा गैरमार्गाला लागतो म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर चोरी येते. इथे चोरीची उदाहरणं कमी आहेत. खरी गळती बिनबोभाट होते. समजा एका काउंटीत रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांसाठी नॅलोक्सोनची खरेदी दरवर्षी स्वतःच्या अर्थसंकल्पातून व्हायची. भरपाईचा हप्ता आला. काउंटीनं नॅलोक्सोनचा खर्च भरपाईतून दाखवला आणि वाचलेला पैसा दुसरीकडे नेला. कागदावर सगळं चोख आहे: नॅलोक्सोन यादीत आहे, बिल खरं आहे. पण काउंटीत आधीपेक्षा एकही डबी जास्त आली नाही. बहुतेक राज्यांमध्ये याला स्पष्ट मनाई नाही आणि जिथे आहे तिथे ती सिद्ध करणं कठीण.

कधी हे उघडपणेही होतं. टेनेसीतल्या ग्रीन काउंटीनं मिळालेल्या पैशातले सुमारे २४ लाख डॉलर काउंटीच्या कर्जाकडे वळवले. कायद्याच्या दृष्टीनं ते चालून गेलं. स्थानिक व्यसनमुक्ती कार्यकर्त्यांनी विचारलं की हा पैसा आमच्या मेलेल्या माणसांच्या नावानं आला होता ना? इतरत्र पोलिसांच्या गाड्या आल्या, तुरुंगासाठी बॉडी स्कॅनर आले. त्यांची गरज नसेल असं नाही, पण पोलिसांसाठी बजेट दरवर्षी असतं. सुया बदलून देणाऱ्या केंद्रासाठी ते कधीच नसतं.

न्यू जर्सीचं प्रकरण मराठी वाचकांपैकी अनेकांच्या दारातलं आहे, कारण एडिसनपासून जर्सी सिटीपर्यंत आपली कितीतरी माणसं तिथे राहतात, कर भरतात, मतदान करतात. जून २०२५ मध्ये तिथल्या विधिमंडळानं राज्याच्या वाट्यातले ४.५ कोटी डॉलर मोठ्या रुग्णालय-समूहांना द्यायचं अर्थसंकल्पात घातलं. केंद्राकडून मेडिकेडमध्ये, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यात, कपात होणार म्हणून रुग्णालयांना आधार हवा, असा युक्तिवाद होता. ज्यांनी हा पैसा कोर्टात लढून आणला, ते राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, मॅथ्यू प्लॅटकिन यांनीच याला जाहीर विरोध केला. गव्हर्नरांनी तरी सही केली. पैसा आणणारा एक, सल्ला देणारी समिती दुसरी आणि अर्थसंकल्प लिहिणारे तिसरे, असं असलं की हे होतं. बऱ्याच राज्यांत समितीचं मत फक्त सल्ला असतो.

मात्र तपासणीचा दात असलेली मंडळंही आहेत. पेनसिल्व्हेनियात एक ट्रस्ट काउंट्यांचा खर्च झाल्यावर तो यादीत बसतो का हे बघतो आणि नाही बसला तर नामंजूर करतो. फिलाडेल्फियानं केन्सिंग्टन भागात घरदुरुस्ती, उद्यानं, छोट्या व्यावसायिकांना मदत अशा कामांवर ७५ लाख डॉलर लावले होते. केन्सिंग्टन म्हणजे रस्त्यावर उघड चालणाऱ्या ड्रगच्या बाजारासाठी बदनाम झालेली वस्ती. २०२४ मध्ये ट्रस्टनं तो खर्च नियमात बसत नसल्याचं सांगितलं आणि शहराला ते मान्य झालं नाही. इथे मला दोन्ही बाजू दिसतात. वर्षानुवर्षं दारात सुया आणि माणसं पडलेली बघणाऱ्या कुटुंबाचं घर दुरुस्त करणं हे नुकसानभरपाईच आहे. पण एकदा रस्ते आणि घरं यादीत शिरली की त्यांची भूक कधी संपत नाही, आणि उपचाराला काही उरत नाही.

मग पैसा कुठे लावावा?

मला विचाराल तर पहिला क्रमांक तुरुंगाचा. ओपिऑइडचं व्यसन असलेला माणूस तुरुंगात गेला की औषधाविना राहतो, आणि त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरते. महिन्याभरानं सुटतो, जुन्या मित्रांकडे जातो, पूर्वी घ्यायचा तेवढीच मात्रा घेतो. शरीराला ती आता झेपत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांवरचा २००७ चा अभ्यास प्रसिद्ध आहे: सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसनं मरण्याचा धोका सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत १२९ पट निघाला. दोन आठवडे. कुणाला वाचवायचं, तो कुठे आहे आणि दाराबाहेर कधी पडणार, हे सगळं आधीच माहीत असतं. आत असतानाच मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही व्यसनावरची औषधं सुरू केली, सुटताना हातात नॅलोक्सोन दिलं आणि दुसऱ्या दिवशीची दवाखान्याची वेळ ठरवून दिली, तर यातले कित्येक मृत्यू टळतात. मेडिकेडचा पैसा आजवर तुरुंगाच्या भिंतीआड जात नव्हता. अलीकडे काही राज्यांना मर्यादित सूट मिळू लागली आहे. म्हणजे भरपाईच्या पैशानं भरावी अशी ही खरोखरची रिकामी जागा आहे.

जिथे विमा किंवा दुसरी सरकारी योजना पैसे देते तिथे हा पैसा घालू नये, जिथे कुणीच देत नाही तिथे घालावा, अशी ही कसोटी आहे. दवाखान्यातल्या तपासणीला विमा असतो. दवाखान्यापर्यंत पोहोचायच्या गाडीभाड्याला बऱ्याचदा नसतो. उपचार सुरू असताना राहायला जागा, बाळ सांभाळणारं कुणी, नोकरी शोधून देणारं कुणी, आणि स्वतः त्या वाटेनं गेलेला, रात्री फोन उचलणारा माणूस, यांना विमा सहसा पैसे देत नाही.

औषधांबद्दल एक गैरसमज अजून घट्ट आहे, अमेरिकेत आणि आपल्याकडेही: मेथाडोन-ब्युप्रेनॉर्फिन म्हणजे एका व्यसनाच्या जागी दुसरं. हे खरं नाही. ही औषधं योग्य मात्रेत घेणारा माणूस नशेत नसतो, तो कामावर जातो, घर चालवतो, आणि औषध चालू असेपर्यंत त्याच्या मृत्यूचा धोका जवळपास निम्मा होतो. तरीही निव्वळ निर्धाराच्या बळावर व्यसन सोडवू पाहणाऱ्या केंद्रांना पैसा सहज मिळतो, आणि औषध देणाऱ्या दवाखान्यांना शेजारपाजारच्या लोकांचा विरोध होतो.

नॅलोक्सोनचं मात्र बऱ्यापैकी जमलं. ओव्हरडोसमध्ये श्वास मंदावलेल्या माणसाच्या नाकात हा फवारा मारला की काही मिनिटांत तो पुन्हा श्वास घेऊ लागतो. मार्च २०२३ मध्ये तो चिठ्ठीशिवाय विकायला मंजुरी मिळाली. टेव्हाच्या तडजोडीत राज्यांना रोख रकमेऐवजी थेट नॅलोक्सोन घ्यायचा पर्याय होता. कॅलिफोर्नियानं भरपाईच्या पैशाचा आधार घेऊन २०२४ मध्ये स्वतःच्या नावानं दोन फवाऱ्यांचा संच २४ डॉलरला आणला, बाजारभावापेक्षा बराच स्वस्त. ऱ्होड आयलंडनं त्याहून धाडसाचं काम केलं: प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली लोक ड्रग घेऊ शकतील असं केंद्र राज्याच्या परवानगीनं आणि भरपाईच्या निधीतून प्रॉव्हिडन्समध्ये उघडलं. त्यावर पुष्कळ टीका होते. माणूस जिवंत राहिला तरच पुढे उपचार होऊ शकतो, एवढाच त्या केंद्राचा हिशेब आहे, आणि तो मला बरोबर वाटतो.

प्रयोगालाही जागा मागितली जाते. केंटकीच्या ओपिऑइड निधी आयोगाच्या तत्कालीन प्रमुखांनी २०२३ मध्ये ४.२ कोटी डॉलर व्यसनावरचा उपचार म्हणून आयबोगेन या वनस्पतिजन्य द्रव्यावरच्या संशोधनाला द्यायचं सुचवलं होतं. नवे ॲटर्नी जनरल आल्यावर तो बेत मागे पडला. राज्यातल्या खेड्यांत साधी औषधं पोहोचली नसताना एवढी रक्कम प्रयोगात घालू नये, असंच मलाही वाटतं.

हिशेब कोण मागतो?

२६ अब्जांच्या करारात हिशेब सादर करायची सक्ती आहे ती फक्त निवारणाव्यतिरिक्त झालेल्या खर्चाची. म्हणजे ८५ टक्क्यांचं काय झालं हे सांगायची सक्ती देशपातळीवर नाहीच. राज्यानं स्वतः नियम केला तर केला. पत्रकारांनी आणि अभ्यासकांनी मिळून २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांचा माग काढला तेव्हा आलेल्या ६ अब्जांहून जास्त रकमेपैकी साधारण एक तृतीयांश खर्च झाली होती किंवा कशासाठी तरी नेमून दिली होती, एक तृतीयांश पुढच्यासाठी राखून ठेवली होती, आणि उरलेल्या तृतीयांशाचा पत्ताच लागला नाही.

दरम्यान ओव्हरडोसचे मृत्यू कमी झाले आहेत. सगळ्या ड्रग्ज मिळून २०२३ मध्ये १ लाखाहून जास्त माणसं गेली होती, २०२४ मध्ये ती संख्या सुमारे ८० हजारांवर आली. नॅलोक्सोनचा त्यात वाटा आहे. बाजारातल्या फेंटानिलमध्ये झालेले बदल आणि इतर कारणंही आहेत. पण आकडा उतरला की पुढारी म्हणू लागतात, आता एवढ्या पैशाची गरज काय? त्यात जुलै २०२५ च्या फेडरल कायद्यानं मेडिकेडला कात्री लागली, आणि ओपिऑइडच्या व्यसनावरच्या उपचारांचा सगळ्यात मोठा भार मेडिकेडच उचलतं. ते खड्डे भरायला राज्यं भरपाईच्या पैशाकडे बघणारच.

पैसा अजून येतच राहणार आहे. जुलै २०२५ मध्ये आणखी आठ कंपन्यांनी राज्यांशी मिळून सुमारे ७२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यात मुंबईत मुख्यालय असलेली सन फार्मा आहे, सुमारे ३.१ कोटी डॉलर, आणि अहमदाबादची झायडस, सुमारे १.५ कोटी. एकूण रकमेत हा वाटा लहान आहे, पण जगाला स्वस्त औषधं पुरवणाऱ्या आपल्या उद्योगाला या हिशेबातून बाहेर ठेवता येत नाही.

या तडजोडींतून मेलेल्यांच्या कुटुंबांना थेट जवळपास काही मिळत नाही; पर्ड्यूसारख्या दिवाळखोरीच्या योजनांत व्यक्तींसाठी थोडा वाटा ठेवला आहे, तेवढाच. म्हणून काही राज्यांनी खर्च ठरवणाऱ्या मंडळावर व्यसनातून बाहेर आलेल्यांना आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं अशांना जागा दिली आहे. तुम्ही किंवा तुमचं कुणी तिथे राहत असेल तर काउंटीच्या संकेतस्थळावर ओपिऑइड निधीचे ठराव आणि बैठकीच्या तारखा शोधा. बहुतेक ठिकाणी नागरिकांना दोन-तीन मिनिटं बोलायला मिळतं. तेवढ्या वेळात एवढंच विचारा की हा निधी आला नसता तर हेच काम काउंटीनं कोणत्या खात्यातून केलं असतं, आणि त्या खात्यातला पैसा आता कुठे आहे. उत्तर बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.